उतरलेलं पाणी

होडी काही केल्या हलत नव्हती. आम्ही आठ जण वल्ही मारत होतो, मागे सुकाणूवर बसलेला इलाहीभाई "हय्या, हय्या" करत ताल देत होता, आणि काठावरचं एकुलतं बाभळीचं झाड जिथल्या तिथं उभं होतं. कृष्णेचं पाणी त्या दिवशी हळदीच्या रंगाचं होतं. धुकं पडलं होतं आणि ऊनही पडलं होतं. मला यातलं काहीच चमत्कारिक वाटत नव्हतं. चमत्कारिक एवढंच होतं, की मी वल्हं मारत होतो आणि मला हात नव्हते.

हात काठावर होते. कुणीतरी ते काढून, धुतलेल्या सदऱ्यासारखे घडी घालून घाटाच्या पायरीवर ठेवले होते. शेजारी माझी बायको त्रिशला बसली होती आणि तिनं त्यांच्यावर चादर पांघरली होती. मी तिला म्हटलं, अगं, हात दे इकडं, शर्यत चालू आहे. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फोन कानाला लावून ती कुणाला तरी सांगत होती, "पाणी उतरलं. आज पॉइंट सहा."

ही झाली आतली हकिगत. बाहेरच्या जगात मी सांगलीतल्या एका हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात, खिडकीजवळच्या खाटेवर, गळ्यात नळी घालून पडलो होतो. आतलं मला आठवतं. बाहेरचं मला त्रिशलानं आणि इलाहीभाईनं पुढच्या इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय, की कुठलं माझं आणि कुठलं त्यांचं हे आता वेगळं काढता येत नाही. सांगताना दोघांचं एकमेकांशी पटत नाही ते वेगळंच.

माझं नाव धनपाल मगदूम. तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडं होतो आणि मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात कामाला होतो. पण हळदीमुळं मला कोण ओळखणार? लोक ओळखत ते होड्यांच्या शर्यतींमुळं. आमच्या होडीत डाव्या बाजूला तिसऱ्या जागेवर मी बसायचो, आणि माझ्या दंडांची काठावर चर्चा व्हायची. शिंपी माझ्या सदऱ्याच्या बाह्यांना न सांगता जादा कापड धरायचा. मला ते सगळं आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी पोटात आतडं फुटलं. आधी मी दुखणं अंगावर काढलं, कारण होडीवाल्याचं पोट दुखतं हे सांगायला लाज वाटली. ऑपरेशन झालं तोवर विष अंगभर पसरलं होतं. श्वासाला यंत्र लागलं. किडन्यांनी हात टेकले, तेव्हा डायलिसिसही करावं लागलं. मग हळूहळू ताप गेला, रक्तदाब जागेवर आला, डायलिसिस बंद झालं. सगळं जागेवर आलं, फक्त मी आलो नाही. झोपेची औषधं थांबवून आठवडे उलटले तरी मी डोळे उघडत नव्हतो.

रोज दुपारी डॉक्टर नातेवाइकांना बोलावून कुठं काय आहे ते सांगत. त्यात एक आकडा किडनीचा असे, क्रिएटिनिनचा. किडनी थकली की रक्तातली घाण बाहेर पडत नाही, आकडा चढतो. किडनी सुधारली की उतरतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. आमच्या गावात हे दोनदा समजवावं लागत नाही. पावसाळ्यात सांगलीचा माणूस उठल्या उठल्या विचारतो, आयर्विन पुलाला पाणी किती? फूट वाढले की माळ्यावर सामान चढवायचं, फूट उतरले की खाली काढायचं. सगळं शहर एका आकड्यावर झोपतं आणि उठतं. त्रिशलाचं माहेर तर पूररेषेच्या आतलं. तिनं हा आकडा तसाच धरला. तो चार होता तेव्हा तिनं जेवण सोडलं. तीन झाला, दोन झाला, एकाच्या खाली गेला आणि पॉइंट सहावर येऊन थांबला. "पाणी उतरलं," असं ती फोनवर सगळ्यांना सांगू लागली. इलाहीभाई दर्ग्यात जाऊन चादर चढवून आला. डॉक्टरही खूश होते, कारण एवढा चांगला आकडा तर धडधाकट माणसाचाही नसतो.

आणि दुसरी एक चादर त्रिशलानं माझ्यावर घातली होती. घरची, सोलापुरी, धुऊन मऊ झालेली. बाहेरचं काही आत आणू देत नसत, पण सिस्टरांनी काणाडोळा केला होता. गळ्यापासून मनगटापर्यंत ती मला झाकून टाकायची, फक्त पंजे बाहेर. काचेपलीकडून होडीतली पोरं बघायला यायची, हळदीच्या दुकानातले यायचे. त्यांनी माझे दंड बघू नयेत असं तिला वाटे. सिस्टर माझं अंग पुसायला आल्या की ती स्वतः खिडकीकडं तोंड करून उभी राहायची. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. ती म्हणाली, मला वाटायचं, मी बघितलं नाही तर ते अजून तसेच असतील.

होडीत मात्र मला हे माहीत होतं. हात काठावर घडी घालून ठेवलेत आणि तिनं त्यावर चादर टाकलीय, हे मी रोज बघत होतो.

त्या होडीत एक बारीक भोक होतं, दाभणानं पाडल्यासारखं. त्यातून पिवळं पाणी आत यायचं. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. मी पुढच्या माणसाला सांगितलं, अरे, पाणी भरतंय. तो मागं न वळता म्हणाला, काळजी करू नको, पुलाला पॉइंट सहाच आहे. मी पुलाच्या खांबाकडं पाहिलं तर खरंच तिथं पॉइंट सहा लिहिलेलं होतं. मग मीही काळजी केली नाही. पाणी कोमट होतं आणि मला झोप येत होती. झोपेतच झोप येणं हा प्रकार मी त्यानंतर कधी अनुभवला नाही.

बाहेर माझी मनगटं उडत असत. मधूनच उजवं, मधूनच डावं, झटका बसल्यागत. डॉक्टरांच्या मते ते चांगलं लक्षण नव्हतं. मेंदूला सुरुवातीच्या दिवसांत प्राणवायू कमी पडला असावा, म्हणून माणूस उठत नाही आणि म्हणून हात उडतात, असा त्यांचा अंदाज होता. पण आमच्या लोकांना ते कोण पटवणार? इलाहीभाईनं पहिल्यांदा ते उडणं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"वहिनी, बघा की," तो म्हणाला. "वल्हं मारतोय त्यो."

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी भेटीच्या वेळेत यायचा आणि माझ्या डोक्याशी उभा राहून हलक्या आवाजात ताल धरायचा. हय्या, हय्या. मनगट उडालं की त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी यायचं. उडणं वाढलं तसा तिचा धीर वाढला. उलट माझा थोरला भाऊ, भूपालदादा, ते बघून बाहेर जाऊन बसायचा.

दादाविषयी मला नीट सांगायला हवं. वडील गेल्यावर त्यानं मला वाढवलं. मला पोहायला त्यानं शिकवलं, पाठीला वाळका भोपळा बांधून. हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर तो इतके दिवस बसला, की लोक त्याला वाट विचारू लागले. त्याला मोठ्या डॉक्टरांनी खोलीत बोलावून सांगितलं होतं, की शरीर चाललंय, हृदय चांगलं आहे, किडनी तर उत्तम आहे, पण माणूस परत येईल असं वाटत नाही. किडनी बिघडलेली असती तर त्यामुळं गुंगी आहे असं म्हणता आलं असतं. आता तसंही म्हणता येत नाही. म्हणजे तो चांगला आकडाच माझ्या विरुद्ध साक्ष देत होता.

एका शनिवारी दुपारी दादानं त्रिशलाला व्हरांड्यात बोलावलं. पुढचं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे. तो म्हणाला, "त्रिशला, आता बास करूया. त्याला घरी नेऊया. आपल्या घरात, आपल्या माणसांत, कानावर णमोकार मंत्र पडता पडता जाऊ दे. यंत्राच्या आवाजात नको."

"दादा, ते वल्हं मारतायत."

"मी मारतोय म्हणून मानायला बघितलं," दादा म्हणाला. "मला न्हाई जमलं."

मग दोघंही रडली. त्रिशलानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दादानं ते हो धरलं आणि सोमवार सकाळची गाडी सांगितली.

होडीत दादा मला कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला दिसला. त्याच्या हातात दोर होता. दोराचं एक टोक त्यानं होडीला बांधलं होतं आणि तो आम्हाला काठाकडं ओढत होता. ये, बाळ, असं म्हणत होता. त्यानं मला बाळ म्हणणं माझ्या मुंजीच्या वयातच सोडलं होतं. मला बरं वाटलं. जावं त्याच्याकडं, असंही वाटलं.

शनिवारी संध्याकाळी इलाहीभाई एक फोटो घेऊन आला. आम्ही जिंकलो त्या वर्षीचा, घाटावर उघड्या अंगानं, हाताच्या घड्या घालून उभे असलेले आम्ही सगळे. घरी नेणारच असाल तर प्रवासात हा उशाशी असू दे, असं तो त्रिशलाला म्हणाला. तेवढ्यात डॉक्टर सोहनी आत आल्या. या नवीन होत्या. आमचे नेहमीचे डॉक्टर रजेवर गेले म्हणून चार दिवस त्यांनी हा विभाग सांभाळायला घेतला होता. तरुण, बारीक चणीच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी फोटो हातात घेतला आणि सहज विचारलं, यात पेशंट कोण?

इलाहीभाईनं डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं.

डॉक्टर सोहनींनी फोटोकडं पाहिलं. खाटेकडं पाहिलं. पुन्हा फोटोकडं पाहिलं, आणि केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर लावला.

"हे?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

त्यांनी चादरीला हात घातला. त्रिशलानं त्यांचं मनगट धरलं.

"नको, डॉक्टर. एवढं नको."

"ताई, मला त्यांचा दंड बघू द्या."

"सगळं बघितलंय तुम्ही. तेवढं झाकलेलं राहू दे की."

डॉक्टरांनी ओढाओढी केली नाही. त्या थांबल्या. त्रिशलाच्या हाताची पकड आपोआप सैल होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी चादर खांद्यापासून बाजूला केली. त्रिशलानं मान खिडकीकडं वळवली. इलाहीभाई सांगतो, की त्यानं आयुष्यात पुष्कळ बुडालेली माणसं बाहेर काढलीत, पण त्या दंडाकडं बघून त्याला तोंडावर हात धरावा लागला. वल्ह्याच्या दांड्यावर कातडं गुंडाळावं तसा तो दंड होता.

तसं ते कुणापासून लपलेलं नव्हतं. सिस्टर रोज अंग पुसत होत्या, डॉक्टर तपासत होते, व्यायाम देणारे येऊन पाय हलवून जात होते. इतके दिवस खाटेवर पडलेला माणूस वाळतोच, त्यात नवल ते काय? फोटोतला माणूस आणि खाटेवरचा माणूस मात्र कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. कागदावर माझं वजन अजूनही भरती होताना त्रिशलानं सांगितलेलंच होतं, चौऱ्याऐंशी.

डॉक्टर सोहनींनी माझं उडणारं मनगट हातात धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग मला कुठलं अँटिबायोटिक चालू आहे आणि किती, हे त्यांनी सिस्टरना विचारलं. पूर्ण मात्रेत चालू होतं, किडनी चांगली म्हणून. मग त्या त्रिशलाकडं वळल्या. त्याही याच गावच्या होत्या, म्हणून बरं झालं.

"ताई, पुरात तुम्ही आयर्विनचा आकडा बघता. तेवढाच बघता का?"

इलाहीभाई म्हणाला, "कोयना धरणातनं किती सोडलंय ते बी बघतो."

"का?"

"वरनं किती येतंय ते कळल्याबिगर कसं कळायचं?"

"हा आकडाही तसाच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. दंडांतून, मांड्यांतून रोज थोडं थोडं रक्तात उतरतं आणि किडनी ते बाहेर टाकते. यांचे स्नायूच गेलेत. वरून पाणीच येत नाहीये. मग खाली तोंड गाळानं बुजलेलं असलं, तरी आकडा कमीच दिसणार."

त्रिशलानं पहिल्यांदाच खिडकीकडून मान वळवली. "म्हणजे पाणी उतरलं नव्हतं?"

"उतरलं होतं. पण ते किडनीनं उतरवलं की कोयनाच आटली, हे आपण बघितलं नाही. मला शंका आहे, खात्री नाही. किडनी अर्धवटच चालत असेल, तर हे औषध अंगात साठत गेलं असणार. साठलं की ते डोक्यात चढतं. माणूस झोपतो. आणि हात उडतात."

इलाहीभाईनं हे ऐकलं आणि तो खाटेचा कठडा धरून खाली बसला. इतके दिवस तो ज्याला ताल देत होता ते वल्हं नव्हतं.

त्या संध्याकाळी ते औषध बंद करून दुसरं सुरू केलं. रविवार सकाळपर्यंत कशाला थांबायचं म्हणून तेव्हापासूनच माझी दिवसरात्रीची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमा करायला सांगितली. तिच्यातून किती क्रिएटिनिन बाहेर पडतं ते मोजलं, की किडनी खरोखर किती काम करते ते कळतं, नुसत्या रक्ताच्या आकड्यावर विसंबावं लागत नाही. एक थेंब वाया गेला तर हिशोब चुकेल, असं डॉक्टरांनी बजावलं. त्रिशला त्या कॅनजवळून हलली नाही. देवघरातल्या समईला जपावं तसं तिनं त्याला जपलं, आणि हे सांगताना ती आजही लाजत नाही.

होडीतून मला दिसलं, की काठावर एक बाई वाकून नदीचं पाणी ओंजळीनं डब्यात भरतेय. फार काळजीपूर्वक, एकही थेंब सांडू न देता. मला हसू आलं. कृष्णा कधी डब्यात मावते का?

रविवारी रात्र पडता पडता तपासणीचं उत्तर आलं. रक्ताच्या आकड्यावरून माझी किडनी जेवढी चालते असं वाटत होतं, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश ती चालत होती. डॉक्टर सोहनींनी स्वतः व्हरांड्यात येऊन दादाला ते सांगितलं. आता औषध अंगातून हळूहळू उतरेल, पण किडनी अशी मंद असल्यामुळं वेळ लागेल, उठतीलच असं वचन मी देत नाही, पण सोमवारची गाडी पुढं ढकला, असं त्या म्हणाल्या. दादानं मान हलवली. पण गाडीवाल्याला फोन त्यानं केला नाही. आशा धरून धरून माणूस दमतो, त्यात त्याचा काही दोष नाही.

सोमवारी सकाळी त्रिशला माझ्याजवळ आली तेव्हा माझी मनगटं निपचित पडली होती.

ती थांबून राहिली. उजवं उडेना, डावं उडेना. तिनं माझा पंजा हलवून पाहिला. मग तिचा धीर सुटला. डॉक्टरांनी शंका बोलून दाखवली होती, औषध बंद केलं होतं, हात उडायचे थांबतील हेही सांगितलं होतं. ते सगळं तिच्या डोक्यातून गेलं. एवढंच उरलं, की जे एक हलत होतं तेही आता हलत नाही. डॉक्टर सोहनी आल्या तेव्हा ती त्यांना म्हणाली, "तुम्ही त्यांचं वल्हं थांबवलंत."

खाली गाडी येऊन उभी राहिल्याचं कुणीतरी सांगून गेलं.

त्रिशलानं पिशवीतून माझा सदरा काढला. घरी न्यायचं तर हॉस्पिटलच्या कपड्यात नको, एवढं तिनं मनाशी ठरवलं असावं. सदरा घालायचा तर चादर काढायला हवी. तिनं ती काढली, घडी करून बाजूला ठेवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझे दंड बघितले. सदऱ्याच्या बाहीत हात घालून बघितला तर तसले दोन बसले असते. तिनं माझा दंड मुठीत धरला. तिची बोटं एकमेकांना टेकली. मग ती त्या दंडावर कपाळ ठेवून रडली, आवाज न करता.

इकडं होडीत इलाहीभाईचा ताल थांबला. आम्ही आठही जणांनी वल्ही वर घेतली. मला वाटलं, हरलो. पाण्याचा आवाज तेवढा राहिला होता. आणि मी काठाकडं पाहिलं तर बाभळीचं झाड हळूहळू मागं सरकत होतं. कुणी वल्हवत नव्हतं आणि होडी चालली होती, आपोआप, प्रवाहाबरोबर. धुकं विरळ झालं. घाटाची पायरी जवळ आली. पायरीवर त्रिशलानं चादर उचलली होती, आणि खाली माझे हात होते, बारीक, कुणा पोराचे असावेत तसे. ती त्यांच्यावर रडत होती. मला तिचं फार वाईट वाटलं. मी म्हणणार होतो, अगं, असू दे, चालतील हे.

माझ्या अंगावर कुणाचं तरी पाणी पडत होतं. गरम होतं.

मी डोळे उघडले तेव्हा वर पांढरं छत होतं आणि एक पाल होती. अतिदक्षता विभागात पाल कशी, यावरून माझं आणि त्रिशलाचं अजून वाजतं. ती म्हणते, नव्हती. मला तिचा भांग दिसत होता. गळ्यात नळी होती, बोलता येईना. बोटं हलवायला गेलो तर एक करंगळी हलली. तिनं मान वर केली नाही. तिला वाटलं, पुन्हा झटका आला. मग मी दुसऱ्यांदा हलवली, आणि तिसऱ्यांदा. झटके असे मोजून येत नाहीत.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. ती ओरडली नाही. उलट तिनं पहिल्यांदा चटकन चादर ओढून माझे दंड झाकले, जणू मी ते बघायला नकोत. आणि मग ती दाराकडं गेली आणि व्हरांड्यातल्या बाकाकडं बघून म्हणाली, "दादा, गाडी परत पाठवा."

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे, म्हणजे चांगलं आहे. गळ्यातली नळी निघाली. बसायला शिकलो, मग उभं राहायला. पाण्याचा पेला दोन हातांनी धरून तोंडापर्यंत नेला, त्या दिवशी मी इलाहीभाईला म्हटलं, चल, आता शर्यत लाव. तो हसला आणि लगेच रडला. घरी आल्यावर त्रिशलानं मला अंडी सोडून जे जे म्हणून ताकदीचं असतं ते ते खायला घातलं. रबराचा पट्टा ओढायचा, विटा उचलायच्या, असा व्यायाम दादा समोर बसून करून घ्यायचा. त्या सोमवारच्या गाडीविषयी तो कधी बोलला नाही. मीही नाही.

काही महिन्यांनी आम्ही दोघं तपासणीला डॉक्टर सोहनींकडं गेलो. रक्ताचा रिपोर्ट त्रिशलानं बाहेरच उघडला आणि दोनदा वाचला. सुरुवातीला पॉइंट सहा, मागच्या वेळी पॉइंट नऊ, आणि आता एक पॉइंट एक. आकडा चढत होता. खुर्चीवर बसल्या बसल्या तिनं रिपोर्ट डॉक्टरांपुढं सरकवला.

"पाणी चढतंय," ती म्हणाली.

डॉक्टर सोहनींनी रिपोर्ट वाचला आणि सोबतचा दुसराही वाचला, लघवी पुन्हा एकदा जमवून मोजलेला. मग त्या म्हणाल्या, "ताई, यांचा दंड धरा."

"काय?"

"त्या दिवशी धरला होता तसा."

बाहेर रांग होती, दार अर्धवट उघडं होतं, शिपाई डोकावत होता. मी अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात होतो. तो तिनंच घेतला होता. त्रिशलानं हात पुढं केला आणि माझा दंड मुठीत धरला. धरून बघत राहिली. बोटं एकमेकांना टेकत नव्हती. मधे चांगलं दोन बोटांचं अंतर होतं.

"किडनी चांगली चाललीय, मोजून बघितलंय," डॉक्टर म्हणाल्या. "आणि वर कोयनेत पाणी यायला लागलंय. म्हणून आकडा चढतोय."

त्रिशलानं दंड सोडला नाही. डॉक्टर पुढच्या पेशंटचा कागद बघू लागल्या तरी सोडला नाही. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना, रिक्षात बसतानाही तिनं तो धरून ठेवला होता. मी म्हटलं, लोक बघतायत. ती म्हणाली, बघू देत.

रिक्षा पुलावर आली तेव्हा तिनं एका हातानं फोन काढून दादाला लावला. उन्हाळा होता. खाली नदी पार खडकाला लागली होती, पोरं गुडघाभर पाण्यात खेळत होती.

"दादा," ती म्हणाली, "पाणी चढलं. एक पॉइंट एक."

पलीकडून दादाचा आवाज आला, घोगरा, माझ्या लहानपणी भोपळा सोडून मी पहिल्यांदा एकटा तरंगलो तेव्हा आला होता तसा.

"चढू दे," दादा म्हणाला. "चढू दे."